गुळवेल आणि एक क्रियापद

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले, की आक्षी, नागाव, चौल अशी गावे एकामागून एक येतात. मुंबईहून आलेला पाहुणा इथे मान वर करून चालतो, कारण नारळ आणि पोफळी वर बघायला लावतात. कुंपणाकडे कोणी बघत नाही. पण या वाड्यांची खरी मौज कुंपणातच आहे. पांगाऱ्यावर, जुन्या आंब्यावर, कडुनिंबावर एक वेल चढलेली असते. तिची पाने विड्याच्या पानासारखी बदामी आकाराची, आणि वरून सुतासारखी बारीक मुळे हवेत लोंबत असतात. हीच गुळवेल.

हिला खालून कापली तरी ती मरत नाही. वरच्या तुकड्यातून दोरा सोडावा तसे मूळ खाली सोडते आणि जमीन गाठते. म्हणून संस्कृतात तिला ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी, असे नाव पडले. दुसरे नाव ‘अमृता’. रावणवधानंतर इंद्राने रणात पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडले, ते त्यांच्या अंगांवरून जिथे जिथे ठिबकले तिथे गुडूची उगवली, अशी कथा भावप्रकाशात आहे. मराठी ‘गुळवेल’ हा त्या गुडूचीचाच वंशज असावा. लोकांनी त्यात गूळ कोठून पाहिला, देव जाणे! नावात गूळ आणि चव अशी, की नरकचतुर्दशीच्या पहाटे जिभेला लावलेले कारीटसुद्धा त्यापुढे सौम्य वाटावे.

आमच्याकडच्या जुन्या घरांत गुळवेलीचे सत्त्व काढीत असत. अंगठ्याएवढे जाड खोड ठेचायचे, रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी चोळून चोथा काढून टाकायचा आणि पाणी निवळू द्यायचे. तळाशी पांढरी भुकटी बसते, ती सावलीत वाळवायची. तापातून उठलेल्या माणसाला चिमूटभर द्यायची. वैद्य तर कडुनिंबावरच्या गुळवेलीचाच आग्रह धरीत. या किनाऱ्याच्या जिल्ह्याला (१९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा होते) औषधी झाडांचे अप्रूप कधीच नव्हते. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा कारखाना सुरू केला, तेव्हा आयुर्वेदाची औषधे कारखान्यात तयार होऊ शकतात हीच मोठी नवलाची गोष्ट होती.

हे सगळे ठाऊक असलेल्या मुलखात २०२० साली गुळवेल पुन्हा नव्याने आली, आणि येताना एक क्रियापद घेऊन आली. ते क्रियापद म्हणजे ‘वाढवणे’. रोगप्रतिकारशक्ती वाढवा! भिंतीवर तेच, बाटलीवर तेच, फोनवर तेच. मी पडलो भाषेचा मास्तर. औषधाच्या गुणाबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, पण क्रियापदाबद्दल बोलण्याचा आहे, आणि या प्रकरणात सगळा घोटाळा त्या क्रियापदातच आहे असे माझे मत आहे.

‘शक्ती’ हा शब्द आला, की ती जितकी अधिक तितकी बरी असे आपण धरून चालतो. पगार वाढवावा, दूध वाढवावे, तशी शक्ती वाढवावी. पण शास्त्रज्ञ ज्याला प्रतिकार म्हणतात ती नुसती शक्ती नव्हे, तो एक प्रतिसाद आहे. रोगजंतू शरीरात आला, शरीराने त्याला ओळखले आणि उत्तर दिले. उत्तर हे बरोबर असते किंवा चूक असते. वर्गात एखादा मुलगा चुकीचे उत्तर ओरडून देतो म्हणून मी त्याला जास्त गुण देत नाही! उत्तर अपुरे असेल तर माणूस जंतूपुढे हरतो, आणि भलत्यालाच उत्तर दिले गेले तर शरीर स्वतःवरच उलटते. जुन्या ग्रंथकारांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. चरकाने सूत्रस्थानात ‘व्याधिक्षमत्व’ हा शब्द वापरला, आणि सगळी शरीरे रोगाला तोंड द्यायला सारखी समर्थ नसतात असे सांगितले. चक्रपाणिदत्ताने त्याचे दोन अर्थ केले : आलेल्या रोगाच्या बळाला विरोध करणे आणि रोग उपजूच न देणे. ‘क्षम’ असणे म्हणजे त्या कामाला पुरेसे असणे. ‘वाढवा’ या आरोळीपेक्षा हा शब्द किती मोजूनमापून घडवलेला आहे पाहा.

आता परळला जाऊ. गुळवेलीची खरी परीक्षा जिथे झाली ते ठिकाण मांडव्याच्या लाँचने गेटवेला उतरल्यावर फार लांब नाही. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे केईएम रुग्णालय. तिथे औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या डॉ. शरदिनी डहाणूकर. ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ या पुस्तकांमुळे मराठी वाचकांना त्या झाडाफुलांच्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत; त्या दिवसभर प्रयोगशाळेत काय करीत होत्या हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले. त्या, डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि त्यांचे सहकारी १९८० नंतरच्या दशकात आयुर्वेदातल्या गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, आवळा, हिरडा, पिंपळी अशा वनस्पतींना एकच प्रश्न विचारीत होते : तुम्ही शरीराच्या प्रतिकाराला नेमके काय करता?

एक प्रयोग सांगतो. उंदरांच्या पोटात ई. कोलाय जातीचे जंतू सोडून त्यांना जंतुबाधा केली. नुसत्या राहिलेल्या उंदरांपैकी शंभरात सुमारे ४४ मेले. ज्यांना गुळवेलीचा अर्क दिला होता त्यांच्यापैकी शंभरात सुमारे १८. १९९२ मध्ये हे छापून आले. यातली खरी मेख पुढे आहे. तोच अर्क काचेच्या नळीत जंतूंवर ओतला तेव्हा जंतूंना काहीच झाले नाही! म्हणजे गुळवेल जंतू मारीत नाही. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना ती काहीतरी करते. या पेशींची न्यूट्रोफिल नावाची एक जात आहे. तिची कामे दोन : जंतूला गिळणे आणि गिळल्यावर मारणे. ही दोन निरनिराळी कामे आहेत, कारण गिळलेला जंतू पोटात जिवंत राहिला तर गिळण्याला अर्थ नाही.

मग गोष्ट माणसांवर आली. इथे दुसरे नाव येते, तेही मराठी वाचकांच्या ओळखीचे. ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ या पुस्तकातले शल्यविशारद डॉ. रवी बापट. त्यांच्याकडे एका विशिष्ट काविळीचे रोगी येत. कर्करोगाच्या गाठीने पित्ताची नळी दाबली जाते, पित्त तुंबते, अंग पिवळे होते. शस्त्रक्रिया करावी तर रोगी शस्त्रक्रियेने मरत नसे. नंतर रक्तात जंतू पसरून मरे. कारण पित्त तुंबले की न्यूट्रोफिल सुस्त पडतात. गिळणे मंदावते आणि मारणेही मंदावते. नळीतून पित्त बाहेर काढले, प्रतिजैविके दिली, तरी त्या पेशी लवकर जाग्या होत नसत.

अशा ३० रोग्यांचे दोन गट केले. दोघांनाही नेहमीचे उपचार, म्हणजे व्हिटॅमिन के, प्रतिजैविके, पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला त्याशिवाय गुळवेल, शरीराच्या दर किलो वजनाला रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ मध्ये निष्कर्ष आले. यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच सुधारले, गुळवेलीने त्यात काही भर घातली नाही. पण पेशींची गिळण्याची आणि मारण्याची ताकद फक्त गुळवेलीच्या गटात पूर्ववत झाली. पहिल्या गटात निम्म्या रोग्यांच्या रक्तात जंतू पसरल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले शंभरात ४० जगले, दुसऱ्यातले शंभरात ९२.

हे वाचून माझी छाती फुगली हे लपवीत नाही. कुंपणातली वेल, परळचे रुग्णालय, आणि दोन मराठी लेखक! पण मास्तराने वाक्य पुन्हा वाचायचे असते. रोगी ३०, रुग्णालय एक. गुळवेल प्रतिजैविकांच्या ऐवजी नव्हती, प्रतिजैविकांबरोबर होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्या पेशी सुस्त पडल्या होत्या त्यांच्या पेशी पूर्वपदावर आल्या. ‘पूर्वपदावर’ आल्या. धडधाकट माणसाच्या पेशी दुप्पट झाल्या असे तिथे कोणी म्हटलेले नाही. ज्याचे घड्याळ मागे पडले होते ते किल्ली देऊन बरोबर केले. बरोबर चालणारे घड्याळ पुढे ढकलले नाही.

मधली वर्षे सोडून देतो, कारण गुळवेलीच्या दृष्टीने ती शांत होती. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी ती गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली, ही त्यातली एक चांगली गोष्ट. मग २०२० आले. त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला केंद्र सरकारने कोविडसाठी आयुर्वेद आणि योग यांची उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यात गुळवेल होती. आमच्याकडची कुंपणे बोडकी झाली. ज्या वेलीला जन्मभर कोणी विचारले नव्हते तिचे वीतभर तुकडे बाजारात भाजीच्या टोपलीत दिसू लागले.

आमच्या शेजारी एक काकू राहतात. त्यांना आमवाताचा तो प्रकार आहे, ज्यात बोटांचे सांधे सकाळी सुजून ताठ होतात. शरीराचा प्रतिकार स्वतःच्याच सांध्यांना परका समजून त्यांच्यावर चालून जातो तो हा रोग. त्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांची एक गोळी त्या दर रविवारी घेतात. त्या गोळीचे काम प्रतिकाराला थंड करणे. आणि रोज पहाटे चुलीवर गुळवेलीचा काढा! एकदा मला म्हणाल्या, “अरे, तू एवढा शिकलेला, तुला सांगते, या वेलीने माझ्या बाबांचा हिवताप उतरवला होता. ही घ्यायला तुझ्या डॉक्टरांना विचारायचे?” मी म्हटले, “काकू, तुम्ही रविवारी जे विझवता ते सोमवारपासून रोज पेटवायला बघता.” त्या हसल्या. त्यांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. वातरक्त नावाच्या सांध्यांच्या रोगावर गुळवेल हे आयुर्वेदात प्रमुख औषध आहे, त्यांच्या माहेरचे वैद्य उगीच सांगत नव्हते. पण त्या वैद्यांच्या काळी रविवारची गोळी नव्हती. पुढच्या खेपेला काकूंनी डॉक्टरांना काढ्याचे सांगितले. त्यांनी यकृताची तपासणी केली, ती ठीक निघाली, आणि काढा बंद करायला सांगितला. काकूंना ते अजून पटलेले नाही.

यकृताची तपासणी का, ते आता सांगतो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत यकृताच्या तज्ज्ञ डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सहा रोगी सापडले. सर्वांचे यकृत सुजलेले, नेहमीची कारणे शोधून सापडेनात, आणि सर्व जण गुळवेल घेत होते. काही जणांना आधीपासून प्रतिकार स्वतःवर उलटण्याचे एखादे दुखणे होते. त्यांतल्या एका रोग्याचा प्राण गेला. २०२१ मध्ये हे छापले गेले, तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : ही गुळवेलच कशावरून? तिची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, ती यकृताला अपाय करते, तिच्याशी गल्लत झाली असेल. हरकत खोटी नव्हती. त्या बहिणीच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात आणि फुलाला पाकळ्या तीन; आपल्या गुळवेलीला सहा. पण बाजारातल्या टोपलीत फूल कोण बघतो? पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून असेच ४३ रोगी नोंदवले. त्यांतही शरीर स्वतःच्याच यकृतावर चालून गेल्याच्या खुणा पुष्कळांत दिसल्या.

हे कसे घडत असावे? आपल्या वाड्यांना राखणदार असतो. रात्री तो झोपला तर चोर नारळ नेतात, म्हणून त्याला जागे ठेवणे बरे. पण एखाद्या राखणदाराला आधीच भास होत असतील, घरातल्या माणसांना तो चोर समजत असेल, तर त्याला आणखी उसकावून त्याच्या हाती जाडजूड दांडा देणे म्हणजे घरातल्यांचीच डोकी फोडून घेणे आहे. परळच्या रोग्यांचा राखणदार झोपलेला होता. मुंबईच्या त्या सहांपैकी काहींचा आधीच संशयाने पछाडलेला होता. वेल तीच. म्हणून मला परळच्या त्या ३० जणांचा आकडा आणि नंतरच्या ४३ जणांचा आकडा एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. लाखो लोकांनी काढा प्याला आणि त्यांना काही झाले नाही, हेही खरेच. पण आपला राखणदार कोणत्या जातीचा आहे हे आपल्याला काढा पिण्याआधी कोठे ठाऊक असते?

मात्रेचेही असेच. परळला दिलेली मात्रा पन्नास किलोच्या माणसाला दिवसाला ८०० मिलिग्रॅम पडते, एक ग्रॅमही नाही, आणि तीही वाळवून मोजलेल्या अर्काची, ठरावीक दिवसांपुरती, रुग्णालयात. घरचे सत्त्व म्हणजे मुख्यतः पिष्ट, काढा वेगळा, बाटलीतला रस वेगळा. सगळ्यांवर नाव एकच असले तरी ही एकच वस्तू नव्हे. आणि ‘रोज, वर्षानुवर्षे’ ही मात्रा तर परळला कोणी तपासलेलीच नाही.

आता किनाऱ्यावरच्या एका शब्दाविषयी, कारण त्याने माणसे दगावतात. तो शब्द म्हणजे ‘कावीळ’. डोळे पिवळे झाले की कावीळ, आणि काविळीचे औषध देणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्याला यशही येते, कारण दूषित पाण्याने होणारी साधी कावीळ बहुतेकांची औषधावाचून आपोआप बरी होते. यशाचे माप औषधवाल्याच्या पदरात पडते! पण याच एका शब्दाखाली पित्ताची नळी दबलेलीही येते, तिला शल्यविशारद लागतो. एखाद्या औषधाने यकृत दुखावलेलेही येते, त्याला ते औषध थांबवणे हाच पहिला उपाय. आणि भातशेतीच्या मुलखात याच शब्दाखाली लेप्टो येतो. उंदराच्या, गुरांच्या मुत्रातून ते जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. ताप, पोटऱ्या फुटतील असे दुखणे, लाल डोळे. आणि रोग बळावला की कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ पाहिली, आणि कोकणात ती दर पावसाळ्यात थोडीफार असतेच. या जंतूवर पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे चालतात, पण वेळेवर दिली तर. चार दिवस काढ्याची वाट पाहिली तर ते चार दिवस परत मिळत नाहीत. गुळवेल जंतूला मारीत नाही, हे परळच्या काचेच्या नळीतच दिसले होते.

सुट्टीत या किनाऱ्याला येणाऱ्यांनी आणि इथे राहणाऱ्यांनी एवढे करावे. डॉक्टर विचारतात, “कोणती औषधे चालू आहेत?” आणि आपण सांगतो, “काही नाही.” गुळवेल, अश्वगंधा, घरचा काढा यांना आपण औषधांत धरीतच नाही. ज्याला आमवात आहे, थायरॉइडचे दुखणे आहे, यकृत आधीच दुबळे आहे, किंवा मूत्रपिंड बदलल्यामुळे प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्याने तर हे नाव सर्वांत आधी सांगावे. वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही डॉक्टरांच्या गोळ्या दाखवा. बाटली असेल तर बाटली न्या. घरच्या कुंपणावरची वेल असेल तर हातभर खोड, दोनचार पाने आणि सापडले तर फूल कागदात गुंडाळून बरोबर ठेवा, आणि किती दिवस, दिवसाला किती घेता ते त्याच कागदावर लिहा.